बंद करणारा कायदा आणि काम देणारा कायदा

पाठाचा उद्देश : महामारीच्या प्रारंभकाळी शासनाने योजलेल्या उपायांचे मोजमाप कसे करावे, हे 2020 सालच्या अनुभवावरून समजून घेणे.



झाशी म्हटले की आपणा मराठी माणसांना राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण होते. त्याच झाशी जिल्ह्यात, झाशी शहरापासून सुमारे 60 किलोमीटरवर, मऊरानीपुर हे तहसिलीचे गाव आहे. एके काळी खारुआ नावाच्या लाल कापडासाठी या गावाची ख्याती होती. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून हा लाल रंग काढीत. पुढे रासायनिक रंग आले आणि आलीची लागवड मागे पडली. शेजारच्या रानीपुरात टेरिकॉटचे माग चालत राहिले. परंतु मागावर सर्वांचे पोट भरत नाही, आणि वारंवार अवर्षणाला तोंड देणाऱ्या बुंदेलखंडाच्या शेतीवरही भरत नाही. म्हणून या प्रदेशातील असंख्य माणसे दिल्ली, सुरत, मुंबई अशा शहरांकडे मजुरीसाठी जातात.

1. चार तासांची सूचना

24 मार्च 2020 रोजी रात्री 8 वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून ती अमलात आली. प्रथम मुदत 21 दिवसांची होती. प्रवासी गाड्या त्याआधीच थांबल्या होत्या. बुंदेलखंडात ते दिवस गहू-हरभऱ्याच्या कापणीचे. चैत्रात कापणीसाठी परगावी जाणाऱ्या मजुरांना तेथे ‘चैतुआ’ असे नावच आहे. नेमक्या त्याच वेळी रस्ते बंद झाले.

त्या आठवड्यांत विद्वानांमध्ये आणि राजकारण्यांमध्ये एक वाद रंगला : प्राण आधी की उपजीविका आधी? परंतु रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याला ही निवड करण्याची मुभाच नव्हती. मजुरी थांबली की चार-आठ दिवसांत त्याचे अन्न थांबते. रोगाचा प्रसार रोखणे अवश्य होते, याविषयी दुमत नाही. मात्र रोखण्याचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न मागे राहिला.

2. मुंबईच्या प्लेगमधून आलेला अधिकार

त्या मार्चमध्ये राज्यांनी ज्या कायद्याचा आधार घेतला तो आपल्याच प्रांतातील संकटातून जन्मला होता. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा संमत झाला. तो अवघ्या चार कलमांचा होता. प्रतिबंध घालण्याचा अधिकार, आज्ञाभंगाला शिक्षा आणि सद्‌हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण, हा त्याचा गाभा. ज्याचे काम बंद होईल त्याने काय खावे, याविषयी त्यात एक शब्दही नव्हता. 2020 साली या कायद्याला 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची जोड मिळाली आणि देश चार तासांत बंद करता आला.

3. दुष्काळातून आलेला हक्क

दुसरा कायदाही महाराष्ट्राच्याच संकटातून आला. 1972 च्या दुष्काळानंतर, मे 1973 च्या सुमारास, राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे राबत होती. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमी योजनेचा 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्यास काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. या योजनेच्या खर्चासाठी 1975 पासून पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला, म्हणजे शहरातील कमाईचा वाटा गावातील श्रमिकाकडे वळला. याच अनुभवातून 2005 साली केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला.

टाळेबंदीत ही कामेही प्रथम थंडावली. 20 एप्रिल 2020 पासून ती अंतर राखून करण्यास केंद्राने मुभा दिली. उत्तर प्रदेशात त्या वर्षीचा दर दिवसाला 201 रुपये होता. दर अल्पच, तथापि परतलेल्या माणसाला काम मागण्याचा हक्क तरी होता. 2020-21 मध्ये या कायद्याखाली देशभर सुमारे 389 कोटी मनुष्यदिवसांचे काम झाले. अंदाजपत्रकातील 61,500 कोटी रुपये अपुरे पडले आणि मे महिन्यात आणखी 40,000 कोटींची तरतूद करावी लागली.

4. मधले पन्नास दिवस

हा हक्क गावात होता. मजूर मात्र शहरात अडकला होता. 26 मार्चच्या मदतयोजनेत शिधापत्रिकाधारकांना माणशी 5 किलो धान्य अधिक मिळाले. परंतु पुष्कळ स्थलांतरितांची शिधापत्रिका गावच्या घरी होती. शिधापत्रिका नसलेल्या सुमारे 8 कोटी स्थलांतरितांसाठी धान्याची घोषणा झाली ती 14 मे रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पन्नासाव्या दिवसानंतर. श्रमिक गाड्या सुटू लागल्या त्या 1 मेपासून. दरम्यान माणसे पायी निघाली होती. महाराष्ट्रातून आलेल्यांची झाशीजवळ रक्सा सीमेवर मे महिन्यात मोठी दाटी झाली. 8 मे रोजी करमाडजवळ रेल्वेमार्गावर झोपलेले मध्य प्रदेशचे 16 मजूर मालगाडीखाली मरण पावले. ते जालन्याहून भुसावळकडे चालले होते. 1 कोटी 4 लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले, त्यांपैकी 32 लाखांहून अधिक उत्तर प्रदेशचे, असे शासनाने पुढे संसदेत सांगितले. वाटेत किती मेले याची मात्र नोंद ठेवलेली नव्हती.

5. बोध

बंद करण्याचा अधिकार लिखित व तयार होता, म्हणून तो चार तासांत वापरता आला. अन्न देण्याचे कर्तव्य शहरातील मजुरापुरते लिहिलेले नव्हते, म्हणून त्याला पन्नास दिवस लागले. त्या काळात अनेक संस्थांनी आणि सामान्य कुटुंबांनी रस्त्यावर अन्न वाटले, ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु दयेने मिळालेली भाकरी उद्या मिळेलच असे नाही. हक्काची मात्र मागता येते. असा हक्क संकट येण्यापूर्वी, शांततेच्या काळातच घडवावा लागतो. 2005 च्या कायद्याच्या जागी डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा संमत केला. त्यात दिवसांची संख्या 100 वरून 125 झाली. त्याचीही परीक्षा याच कसोटीवर व्हावी : पुढील साथीत, मऊरानीपुरचा माणूस घरापासून दूर असताना, त्याला कोणापुढे हात न पसरता काय मागता येईल?

अभ्यासगटासाठी प्रश्न

1. 1897 च्या कायद्यात कोणते कर्तव्य लिहिले असते, तर 2020 चा अनुभव वेगळा झाला असता?
2. आपल्या गावात वा वस्तीत परप्रांतीय मजूर कोण आहेत? त्यांची शिधापत्रिका येथे चालते काय, याची आपण कधी चौकशी केली आहे काय?
3. व्यवसाय कराप्रमाणे इतरांच्या सुरक्षिततेचा भार आपण नियमितपणे उचलावा काय?