कपात झालेल्या कामगारांचा पुनर्नियुक्तीचा हक्क

धाराशिव जिल्ह्याच्या औद्योगिक जीवनात साखर कारखान्यांना महत्त्वाचे स्थान आहे. अवर्षणाच्या वर्षी ऊस घटतो, गळीत लवकर आटोपते आणि कामगार घरी बसतो. ढोकी येथील तेरणा सहकारी साखर कारखाना तर अनेक वर्षे बंद राहिला. काम पुन्हा सुरू झाल्यावर जुन्या कामगाराला आधी बोलावणे मालकावर बंधनकारक आहे काय, हा प्रश्न म्हणूनच येथे जिव्हाळ्याचा ठरतो. त्याचे उत्तर काम कोणत्या रीतीने संपले यावर अवलंबून असते.

कायद्यातील तरतूद

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये १९५३ साली कलम २५ एच समाविष्ट करण्यात आले. कपातीनंतर मालक नवी भरती करू लागल्यास कपात झालेल्या कामगारांना संधी देणे व इतरांपेक्षा त्यांना अग्रक्रम देणे त्यामुळे बंधनकारक झाले. २४० दिवस सेवा न भरलेल्या कामगारालाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले.

दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली आहे. संहितेच्या कलम ७२ मध्ये हा अग्रक्रम कायम आहे; मात्र कपातीपासून एक वर्षाच्या आत होणाऱ्या भरतीपुरताच तो आता मर्यादित झाला आहे. जुन्या कलमात अशी मुदत नव्हती.

कपात कशाला म्हणावे?

मालकाने कामगार जादा ठरवून सेवा संपुष्टात आणणे, हे कपातीचे नेहमीचे उदाहरण होय. शिस्तभंगाची शिक्षा, स्वेच्छानिवृत्ती किंवा ठराविक मुदतीच्या नेमणुकीची समाप्ती ही कपात नव्हे. सातारा जिल्ह्यातील कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात, हंगाम संपल्याने काम थांबणे ही कपात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. तथापि पंजाबातील एका साखर कारखान्याच्या प्रकरणात १९९५ मध्ये त्याच न्यायालयाने हंगामी कामगारांची नोंदवही ठेवण्याचा आणि नव्या हंगामात ज्येष्ठतेनुसार त्यांना कामावर घेण्याचा आदेश दिला होता.

उद्योग कायमचा बंद झाल्यास कामगाराला भरपाई मिळते. परंतु कलम २५ एच मधील अग्रक्रम त्याला लागू होत नाही, असे २००५ च्या निर्णयाने ठरले. बंद कारखाना दुसऱ्या व्यवस्थापनाकडे जातो तेव्हा जुन्या कामगारांच्या नेमणुकीची अट करारातच घालून घेणे म्हणून श्रेयस्कर असते.

कामगाराने काय करावे?

हा हक्क अग्रक्रमाचा आहे. भरती झाली तरच तो उपयोगी पडतो. जुनी सेवा त्याने आपोआप अखंड होत नाही. नेमणूकपत्र, पगारपत्रके, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक व कपातीची नोटीस कामगाराने जपून ठेवावी. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे कामासाठी पुणे-मुंबईकडे जातात. अशा वेळी बदललेला पत्ता कारखान्यास लेखी कळवून पोच घ्यावी. अन्यथा बोलावण्याचे पत्र जुन्याच दारी पडून राहते. नव्या भरतीची वार्ता कळताच लेखी अर्ज करावा आणि डावलले गेल्यास कामगार विभागाच्या कार्यालयाकडे विनाविलंब तक्रार नोंदवावी.

नोटिशीतील ‘कपात’, ‘हंगामसमाप्ती’ वा ‘बंद’ या एका शब्दावर कामगाराचे पुढील वर्ष अवलंबून असते. तो शब्द वाचून त्याचा अर्थ समजावून देण्याचे आणि वर्ष उलटण्यापूर्वी अर्ज लिहून देण्याचे काम गावातील शिक्षक व पंचायत सदस्य सहज करू शकतात.