पिकले केस आणि पाटी

एक पाडा डोळ्यांपुढे आणा. तलासरीकडचा. दुपारची वेळ आहे. लेक वापीच्या कारखान्यात गेला आहे. सून मजुरीला गेली आहे. घरात आजी एकटी आहे. ती ओट्यावर बसते. कोंबड्या हाकलते. पुन्हा बसते. दिवस काही सरत नाही.

नात आश्रमशाळेत शिकते. सुट्टीला घरी आली आहे. ती म्हणते, "आजी, शेजारच्या काकूंनी वर्ग सुरू केलाय. चल ना!"

आजी हसते. "पोरी, माझी लाकडं मसणात गेली. आता शिकून काय साहेब व्हायचंय?"

वाचकहो, हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. त्याचे एक उत्तर आपल्याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर आहे.

परीक्षेला बसलेल्या बाई

अनुताई वाघ यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १९१० सालचा. लहानपणीच लग्न झाले आणि थोड्याच दिवसांत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य चुलीपाशी संपे. अनुताईंचे संपले नाही. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. दिवसा शाळेत शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचे, असे करून त्या मॅट्रिक झाल्या.

१९४५ साली त्या बोर्डीला ताराबाई मोडक यांच्याकडे आल्या. पुढे हे काम कोसबाडला गेले. पाड्यातली मुले शाळेत येत नव्हती. मग या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही शाळा भरवली.

आता पुढची गोष्ट ऐका. इतक्या मुलांना शिकवणाऱ्या या बाई स्वतः पुन्हा परीक्षेला बसल्या. १९६१ साली त्या बी. ए. झाल्या. तेव्हा त्यांचे वय होते ५१. डोळ्यांचा त्रास होता. कामाचा डोंगर होता. तरी अभ्यास सोडला नाही.

कोणी म्हणेल, "त्या तर शिकलेल्या बाई! आमच्या आजीला अक्षरही येत नाही." खरे आहे. मग आता फांगण्याला चला.

गुलाबी लुगड्यांची शाळा

फांगणे हे गाव ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर डहाणू-तलासरीही ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणजे हे गाव काही परके नाही.

८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, तेथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या. काही तर नव्वदीच्या जवळ आलेल्या. घरची कामे आटोपली की दुपारी सगळ्या निघत. अंगावर गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. शिकवायला गावातलीच एक शिकलेली सून. तिची सासूही त्याच वर्गात बसे!

या आजींना नोकरी नको होती. सही यावी, पोथी वाचता यावी, एवढीच इच्छा होती. पण त्यांना आणखीही काही मिळाले. रोज घराबाहेर पडायला कारण मिळाले. बरोबरीच्या बाया भेटू लागल्या.

एकटेपणा अंगाला लागतो

म्हातारपणी माणूस विसरतो. कोणाचे विसरणे इतके वाढते की घरची माणसेही ओळखू येत नाहीत. हा आजार आहे. २०२४ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून या आजाराचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या. या गोष्टींवर उपाय करता येतो. लहानपणी शिक्षण कमी मिळणे ही त्यांतली एक. कमी ऐकू येणे आणि त्यावर उपाय न करणे ही दुसरी. कमी दिसत असून उपचार न घेणे ही तिसरी. आणि माणसांपासून तुटून एकटे पडणे ही चौथी. दारू, विडी-सिगारेट, रक्तदाब, साखरेचा आजार याही त्या यादीत आहेत.

पाटी हातात धरली म्हणून आजार होणारच नाही, असे नाही. पण डोक्याला काम आणि जिवाला सोबत, ही दोन्ही वर्गात मिळतात.

म्हाताऱ्यांकडेही काही आहे

वर्गात म्हातारी माणसे फक्त घ्यायला येत नाहीत. ती द्यायलाही येतात.

वारली लग्नात भिंतीवर चौक लिहितात. धवलेरी गाणी म्हणते. ती गाणी कोणत्या पुस्तकातून आली? म्हाताऱ्या बायांच्या तोंडून आली.

दुसरी गोष्ट लग्नगड्यांची. पूर्वी या भागात गरीब वारली लग्नासाठी कर्ज काढी. त्यापायी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. कागदावर काय लिहिले आहे, ते वाचता येत नसे. अंगठा मात्र उठे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे मोठी सभा झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली उभे राहिले. वेठीला राबायचे नाही, असे ठरले.

तो काळ पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून ऐकलेली माणसेही म्हातारी झाली. त्यांच्या आठवणी कोण लिहून घेणार? नातवाला अक्षर येते, आजोबांना हकीकत येते. दोघे शेजारी बसले तरच ती कागदावर उतरेल.

पुन्हा आपल्या आजीकडे

समजा, आपली आजी वर्गाला गेली. पहिल्या दिवशी हात थरथरला. रेघ वाकडी गेली. सगळ्या हसल्या, तीही हसली. महिन्याने तिने आपले नाव लिहिले. मग वर्गातल्या बायांना तिने लग्नाचे गाणे शिकवले. काकूंनी ते वहीत उतरवून घेतले.

एक दिवस आजी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. काकू म्हणाल्या, "हजेरीत आजीचं नाव रिकामं आहे. बघून येऊ." दोघी घरी गेल्या. आजी तापाने फणफणली होती. लेक आणि सून कामावर. दोघींनी तिला दवाखान्यात नेले. आजी बरी झाली.

बरी झाल्यावर आजी नातीला म्हणाली, "साहेब व्हायला नाही गं जात मी. मी नाही आले, तर विचारणारं कोणी तरी आहे. म्हणून जाते."

शिकायला वय नसते, हे आपण ऐकतो. पण शिकायला सोबत लागते, हेही ध्यानात ठेवा.

आता हे करा

१. तुमच्या पाड्यात दिवसभर एकटे कोण असते? त्यांचे नाव लिहा. उद्या त्यांना वर्गाला घेऊन या.
२. आजीला नीट दिसते का, ऐकू येते का, हे दवाखान्यात तपासून घ्या. चष्मा लागला तर आधी चष्मा, मग पाटी.
३. वर्गाची वेळ म्हाताऱ्यांना विचारून ठरवा. अक्षरे मोठी काढा.
४. पहिल्यांदा स्वतःचे नाव शिकवा. मग रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक वाचायला शिकवा.
५. एका म्हाताऱ्या माणसाकडून एक जुनी हकीकत ऐका. ती पाच ओळींत लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न

१. अनुताई बी. ए. झाल्या तेव्हा त्यांचे वय किती होते?
२. फांगण्याच्या आजींना सहीखेरीज आणखी काय मिळाले?
३. आजीचा ताप कोणाच्या लक्षात आला? कशामुळे?