बोरिवलीच्या स्मृतिशिळा

मुंबईच्या उत्तरेस साष्टी बेटावर आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशी गजबजलेली उपनगरे पसरली आहेत. शेदीडशे वर्षांपूर्वी मात्र येथे खेडी होती. भाताची खाचरे, आंब्याची व ताडाची झाडे, मिठागरे आणि खाडीकाठचे कोळीवाडे हेच त्यांचे वैभव. खेडे म्हटले की त्याला एक तळे असते, ग्रामदैवताचे देऊळ असते, आणि गावाच्या शिवेवर कोठेतरी मृतांची एक जागा असते. खेड्याचे शहर झाले म्हणजे शेतांवर घरे उभी राहतात, तळी बुजतात. देवळे बहुधा टिकतात, कारण त्यांच्यासाठी धावून येणारे भक्त असतात. मृतांच्या जागेसाठी मात्र धावून येणारे कोणी उरलेले नसते. म्हणून ती लवकर विसरली जाते.

बोरिवली या एकाच उपनगराच्या परिसरात अशा दोन फार जुन्या जागा आहेत. एक योद्ध्यांची आहे, दुसरी भिक्षूंची. दोन्ही ठिकाणी जिवंत माणसांनी मृतांची आठवण दगडात कोरून ठेवली. परंतु त्या आठवणींचे पुढे जे झाले, ते अगदी वेगवेगळे आहे.

बोरिवलीच्या पश्चिम भागात एकसर नावाचे जुने गाव आहे. तेथे ओळीने सहा कोरीव शिळा उभ्या आहेत. अशा शिळांना आपल्याकडे वीरगळ म्हणतात. युद्धात किंवा गावाचे रक्षण करताना जो कामी आला, त्याच्या स्मरणार्थ वीरगळ उभारण्याची चाल महाराष्ट्रात शेकडो वर्षे होती. वीरगळ वाचण्याची एक रीत आहे. पुस्तक आपण वरून खाली वाचतो. वीरगळ मात्र खालून वर वाचावा लागतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई व वीराचे मरण असते. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात. आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. शेवटी कलश असतो, आणि पुष्कळदा चंद्रसूर्य. जोवर चंद्र आणि सूर्य आकाशात आहेत, तोवर या वीराची कीर्ती राहील, असा त्या खुणेचा अर्थ.

एकसरचे वीरगळ इतर गावांच्या वीरगळांहून वेगळे आहेत. त्यांपैकी काहींवर जमिनीवरील लढाई आहे, तर काहींवर चक्क समुद्रावरील. डोलकाठ्या उभारलेली जहाजे, त्यांच्या बाजूंनी निघालेली वल्ह्यांची रांग, जहाजांवरून बाण सोडणारे सैनिक आणि पाण्यात कोसळणारी माणसे हे सारे शिल्पकाराने बारकाईने दाखविले आहे. आपल्या देशातील प्राचीन आरमाराची चित्रे फार थोडी उरली आहेत. त्या दृष्टीने या शिळा अनमोल होत.

ही लढाई कोणती? ते सांगणारा, वाचता येईल असा लेख या शिळांवर नाही. म्हणून इतिहासकारांना तर्काचा आधार घ्यावा लागला. तेराव्या शतकात उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर याच्यावर देवगिरीच्या महादेव यादवाने स्वारी केली. महादेवाच्या पदरी असलेला पंडित हेमाद्री आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगतो, की सोमेश्वराने महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा समुद्रात बुडणे पत्करले. ही घटना सुमारे १२६५ ची. एकसरच्या शिळांवरील जलयुद्ध तेच असावे, असे काही इतिहासकारांनी सुचविले. इतरांनी शिळांच्या घडणीवरून त्या आणखी जुन्या मानल्या. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात या शिळांचे वर्णन आले आहे. परंतु ज्यांच्यासाठी त्या उभारल्या, त्या वीरांपैकी एकाचेही नाव आज आपल्याला ठाऊक नाही. चंद्रसूर्य असेतोवर कीर्ती राहावी, ही आकांक्षा. कीर्ती राहिली, पण कोणाची ते कळेनासे झाले!

आता बोरिवलीच्या पूर्वेकडे वळू. तेथे राष्ट्रीय उद्यानाच्या दाट वनात कान्हेरीचा डोंगर आहे. प्राचीन लेखांत त्याला कृष्णगिरी म्हटले आहे. या डोंगरात शंभराहून अधिक लेणी खोदलेली असून इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे तेथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. इतकी वर्षे जेथे माणसे राहिली, तेथे अनेकांनी देहही ठेवला असणार. त्या दिवंगत भिक्षूंची जागा एका कड्याच्या कपारीत आहे. वरून खडकाचे छत पुढे आले आहे आणि त्याखाली लांबच लांब ओळीने विटांचे लहान लहान स्तूप बांधलेले आहेत. अभ्यासक या जागेला निर्वाणवीथी म्हणतात. अशीच प्रथा लोणावळ्याजवळील भाजे येथेही होती. तेथे चौदा स्तूपांचा समूह असून काहींवर स्थविरांची नावे कोरलेली आहेत.

एडवर्ड वेस्ट नावाचे एक इंग्रज गृहस्थ व्यवसायाने अभियंते होते आणि येथील रेल्वेच्या बांधणीवर काम करीत. त्यांना प्राचीन लिपींचा नाद होता. १८६१ च्या सुमारास त्यांनी कान्हेरीच्या लेखांच्या नकला प्रसिद्ध केल्या आणि या कपारीतील स्तूपांचेही वर्णन लिहिले. स्तूप शंभराच्या आसपास असावेत, असा त्यांचा अंदाज होता. पुष्कळ स्तूप तेव्हाच ढासळलेले होते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९७० नंतरच्या दशकात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विदुषी डॉ. शोभना गोखले यांनी या जागेचा कसून अभ्यास केला. स्तूपांच्या दगडांवर कोरलेले वीसहून अधिक लहान लेख त्यांनी वाचले. १९९१ साली कान्हेरीच्या लेखांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

काय असते या लेखांत? ब्राह्मी अक्षरांच्या एकदोन ओळी. हा स्तूप अमुक स्थविरांचा, एवढेच सांगणे. कोठे नावापुढे आदराचा शब्द, कोठे त्या भिक्षूने साधनेत गाठलेली पायरी. कोणी अनागामी, कोणी अर्हत. राजाची स्तुती नाही, पराक्रमाचे वर्णन नाही. ज्यांनी घर सोडले, कुळ सोडले, कीर्तीचा मोहही सोडला, त्यांची नावे राहिली. आणि कीर्तीसाठी ज्यांनी प्राण वेचले, त्यांची गेली! फरक पडला तो केवळ चार अक्षरांनी.

परंतु अक्षरे कोरली म्हणजे सारे झाले, असेही नाही. कान्हेरीतच घडलेली आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांनी तेथील मोठ्या चैत्यगृहासमोरचा एक स्तूप उघडला. आत तांब्याचे दोन लहान कलश होते. त्यांत रक्षा, एक सोन्याची डबी व एक चांदीची डबी होती. त्यांच्याबरोबर ताम्रपटही सापडला. त्यावर त्रैकूटकांच्या राज्यातील २४५ हे वर्ष, म्हणजे सुमारे इ. स. ४९४, कोरलेले होते. सिंधु देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या माणसाने भगवान बुद्धांचे थोर शिष्य सारिपुत्र यांच्या स्मरणार्थ तो स्तूप बांधला होता.

आज तो स्तूप नाही आणि तो ताम्रपटही नाही. तो कोठेतरी गहाळ झाला. मग त्यावर काय लिहिले होते, हे आपल्याला कसे कळले? बर्ड यांनी त्याची हुबेहूब नक्कल काढून ती छापली होती, म्हणून. स्तूप उघडण्याची त्यांची रीत आजच्या शास्त्राला मानवणारी नव्हती. एकदा फोडलेली वास्तू पुन्हा पूर्ववत होत नाही. पण नक्कल केल्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. जवळजवळ साडेतेराशे वर्षे स्तूपाच्या पोटात सुरक्षित राहिलेले तांबे बाहेर येताच नाहीसे झाले, आणि साध्या कागदावरची नक्कल तेवढी उरली. सिंधु देशाहून कृष्णगिरीपर्यंत आलेल्या त्या बुद्धरुचीचे नाव आज कागदाच्या आधाराने जिवंत आहे. नोंदीचे मोल याहून अधिक ते काय सांगावे?

नोंद कशी करावी, यालाही शास्त्र आहे. प्रथम त्या जागेचा नकाशा काढावा, उत्तर दिशा दाखवावी आणि प्रत्येक शिळेला क्रमांक द्यावा. शिळा मूळ जागेवरून हलवू नये, कारण ती कोठे आहे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे, शेजारी काय आहे, यातच तिचा अर्धा अर्थ असतो. मग उंची, रुंदी व जाडी मोजून लिहावी. छायाचित्र सकाळी किंवा सायंकाळी घ्यावे. त्या वेळी ऊन तिरपे पडते आणि झिजलेल्या रेघांच्या सावल्या उठून दिसतात. भर दुपारी जे अक्षर सपाट वाटते, ते दिवस कलताना स्पष्ट होते.

अक्षरे दिसावीत म्हणून शिळेवर खडू, रंग किंवा तेल मुळीच लावू नये आणि ती घासूही नये. तज्ज्ञ मंडळी अनुमती घेऊन कागदाचा ठसा घेतात. ओला कागद शिळेवर बसवून ब्रशाने हळूहळू ठोकतात. तो अक्षरांच्या खाचांत बसला म्हणजे वरून शाईचा बोळा फिरवितात. उंच भाग काळा होतो आणि अक्षरे पांढरी उमटतात. हे काम नवख्याने करू नये. कान्हेरीसारखी स्मारके १९५८ च्या कायद्याने संरक्षित आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

वाचताना फार जपावे लागते. ब्राह्मी लिपीत अक्षराला जोडलेली एक लहानशी रेघ स्वर बदलते. ती रेघ झिजली असेल, तर माणसाचे नावच बदलून जाते. म्हणून दोघांनी वेगवेगळे वाचन करावे आणि मग ताडून पाहावे. जे अक्षर स्पष्ट दिसले ते स्पष्ट लिहावे. जे संशयास्पद आहे, तेथे तशी खूण करावी. जे नाहीसे झाले, तेथे जागा मोकळी सोडावी. मोकळी जागा पाहून मनाचे अक्षर घालण्याचा मोह होतो. तो आवरणे हीच अभ्यासकाची खरी कसोटी. मृत माणूस आपली चूक सुधारावयास येणार नसतो.

गावातील वृद्धांना त्या जागेविषयी काय ठाऊक आहे, तेही विचारावे. मात्र पाहिलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहावी. वीरगळांची पूजा करणाऱ्या ग्रामस्थांना कमी लेखू नये. गावोगावच्या पुष्कळ शिळा फोडल्या गेल्या नाहीत, त्या कोणीतरी त्यांना देव मानले म्हणून. शेंदराच्या थरांखाली कोरीव काम झाकले जाते, हे खरे. पण पूजेने शिळा राखली, हेही तितकेच खरे. आता तिचा अर्थ राखण्याचे काम अभ्यासाने करावयाचे आहे. या दोघांत वैर असण्याचे कारण नाही.

हे काम केवळ प्राचीन शिळांपुरते नाही. उपनगरांतील जुन्या चर्चच्या आवारांत थडगी आहेत, कबरस्ताने आहेत, कोठे पडक्या समाध्या आहेत. दर पावसाळ्यात तेथील दगडांची अक्षरे थोडी थोडी पुसली जात आहेत. यंदा जे नाव वाचता येते, ते आणखी काही वर्षांनी वाचता येईलच असे नाही. एकसरच्या वीरांची नावे कोणी लिहून ठेवली असती, तर आज आपण त्यांना नावाने हाक मारू शकलो असतो. ती वेळ निघून गेली. परंतु आपल्या गावातील एखाद्या शिळेवर अजून एखादे नाव धूसर दिसत असेल, तर त्याची वेळ अजून गेलेली नाही. त्यासाठी एक वही, एक मोजपट्टी आणि थोडा धीर पुरेसा आहे.

स्वाध्याय

१. मृतांची जागा लवकर विसरली जाते, असे लेखक का म्हणतो?
२. वीरगळ कोणत्या क्रमाने वाचतात? त्यावर काय काय कोरलेले असते?
३. एकसरचे वीर आणि कान्हेरीचे भिक्षू यांच्या स्मृतीत कोणता फरक पडला? तो कशामुळे?
४. बुद्धरुचीचे नाव आजवर कसे टिकले, ते पाच-सहा वाक्यांत सांगा.
५. ‘मृत माणूस आपली चूक सुधारावयास येणार नसतो.’ या वाक्याचा भावार्थ स्पष्ट करा.
६. आपल्या परिसरातील एखादी जुनी शिळा, समाधी किंवा थडगे वडीलधाऱ्यांसह पाहून या. पाहिलेली माहिती एका पानावर व ऐकलेली माहिती दुसऱ्या पानावर लिहा.