मनगटी पट्ट्याला उष्मांक कसे कळतात?

वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हल्ली पुष्कळ लोक मनगटावर एक पट्टा बांधतात. ‘आज ४०० कॅलरी खर्च झाल्या,’ असे तो सांगतो. हा आकडा तो कोठून आणतो?

पट्ट्यात मुख्यतः दोन साधने असतात. त्वरणमापक मनगटाची हालचाल टिपतो. दुसरे साधन त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. हा प्रकाश रक्तात शोषला जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्त कमीजास्त होते आणि परत येणारा प्रकाशही तसा बदलतो. त्यावरून नाडी कळते. मग तुमचे वय, उंची व वजन विचारात घेऊन एका सूत्राने ऊर्जेचा खर्च काढतात. म्हणजे मोजली जाते ती हालचाल आणि नाडी. उष्मांक हा केवळ अंदाज!

पेणचा मूर्तिकार बसल्या जागी गणपती रंगवतो, तेव्हा त्याचा हात सारखा हलतो. पट्ट्याला ते चालणे वाटू शकते. उलट, डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी धरून चालणाऱ्या बाईची पावले मोजायची राहून जाऊ शकतात.

आता आपणच एक हिशेब करू. रोह्याजवळच्या अवचितगडाचा चढ ३०० मीटर आणि तुमचे वजन ५० किलोग्रॅम धरा.

कार्य = ५० × ९.८ × ३०० = १,४७,००० ज्यूल

आहारातील एक कॅलरी म्हणजे एक किलोकॅलरी, अर्थात सुमारे ४,१८० ज्यूल. म्हणून हे कार्य झाले ३५ कॅलरी. परंतु स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा कार्यात आणतात. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणूनच चढताना घाम येतो. तेव्हा खरा खर्च निदान ३५ × ४ = १४० कॅलरी.

१०० ग्रॅम कोरड्या पोह्यांतून सुमारे ३५० कॅलरी मिळतात. म्हणजे सारा गड चढलात, की पेणचे ४० ग्रॅम पोहे खर्ची पडले! फोडणीच्या तेलाच्या दर ग्रॅममागे ९ कॅलरी, त्या वेगळ्याच.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली अशा सात उपकरणांची ६० जणांवर केलेली तपासणी प्रसिद्ध केली. सातांपैकी सहांची नाडीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. ऊर्जेच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही चूक २७ टक्के निघाली. एवढ्या चुकीने आपले १४० कधी १०२, तर कधी १७८ दिसतील.

म्हणून पट्ट्यावरचा आकडा पाहून त्या हिशेबाने वडे खाऊ नका आणि जेवणही टाळू नका. वाढत्या वयात उपाशी राहणे अधिक घातक. वजनाची चिंता वाटली तर डॉक्टरांना विचारा. काल आपण किती चाललो आणि आज किती, एवढे ताडून पाहायला पट्टा उत्तम आहे.

करून पाहा : पट्टा बांधून शंभर पावले हात मोकळे सोडून चाला. मग दोन्ही हातांनी डोक्यावर पुस्तके धरून तितकीच पावले चाला. दोन्ही वेळा पट्ट्याने किती पावले मोजली? फरक का पडला, ते वहीत लिहा.