पैसे घ्यायला पिन लागत नाही

प्रश्न : जुनं वॉशिंग मशीन विकायला ऑनलाइन जाहिरात टाकली. ‘सीआरपीएफ कॅम्पातून बोलतोय’ म्हणत एकाने घासाघीस न करता भाव मान्य केला, ओळखपत्राचा फोटोही पाठवला. आता म्हणतो, ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील.’ करू का?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : अजिबात नको. स्कॅन करून यूपीआय पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. येणाऱ्या पैशाला पिन कधीच लागत नाही. आधी पाच-दहा रुपये खरोखर पाठवून ही मंडळी विश्वास कमावतात, त्याला भुलू नका. जवानाचं नाव मुद्दाम घेतलं जातं, कारण आपल्या गावात कॅम्प आहे आणि गणवेशावर आपला भरवसा आहे. ओळखपत्र अनेकदा खऱ्याच जवानाचं, चोरून वापरलेलं असतं. याची मला फार चीड येते.

वस्तू न बघता होकार देणारं गिऱ्हाईक दिसलं की सावध व्हा. खरा कॅम्पातला असेल तर घरी येऊन मशीन चालवून बघेल. ‘पैसे जमा’ असा मेसेज बनावट असू शकतो. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहूनच मशीन दाराबाहेर जाऊ द्या.

पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे काढली जाण्याआधी गोठवता येते. मग तळेगाव दाभाडे पोलीस ठाणं गाठा, आणि चॅट पुसू नका.