राखण: बागेची आणि भावाची

शास्त्रपाठ: उत्पत्ती 2:15, 4:1-10, योहान 6:1-13

देवाने मनुष्याला एदेन बागेत दोन कामांसाठी ठेवले. मूळ इब्री वचनात 'आबाद' आणि 'शामार' ही दोन क्रियापदे आहेत. 'आबाद' म्हणजे मशागत करणे. परंतु देवाची सेवा करणे या अर्थानेही शास्त्र हाच शब्द योजते (निर्गम 3:12). 'शामार' म्हणजे राखणे. परमेश्वराने आपल्या लोकांना राखावे, अशा याजकीय आशीर्वादात हेच क्रियापद आहे (गणना 6:24). भावाचा राखणदार होण्याचे काइनाने नाकारले, तेथेही तोच धातू आहे (उत्पत्ती 4:9). बागेची राखण आणि भावाची राखण शास्त्राने अशी एकाच शब्दात गुंफली आहे.

बेंगळूर शहराच्या अनुभवातून हे सत्य स्पष्ट होते. या शहराचा कचरा अनेक वर्षे मंडूर गावाजवळ टाकला जात असे. मिसळलेल्या ढिगात ओला कचरा हवेविना कुजतो. त्यातून मिथेन वायू निघतो व दूषित पाणी जमिनीत मुरते. अखेर 2014 साली गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहराला वाटले होते, कचरा गेला; मंडूरकरांच्या दारी तो आला होता.

पुढे 17 डिसेंबर 2015 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने कचरा घरीच वेगळा करण्याचा आदेश दिला: ओल्यासाठी हिरवा डबा, डायपरसारख्या टाकाऊ वस्तूंसाठी लाल डबा आणि सुक्यासाठी पिशवी. याच शहरातील एचएसआर लेआउट येथील 'स्वच्छाग्रह कलिका केंद्र' घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करण्यास शिकवते. कन्नडमध्ये 'कलिका' म्हणजे शिक्षण. भाजीची देठे, वाळलेला पालापाचोळा, थोडी ओल आणि खेळती हवा एवढ्यावर खत होते. माती पुन्हा मातीस मिळते. शेजाऱ्यावर भार पडत नाही.

पृथ्वी लयास जाणारच, मग हा खटाटोप कशाला, असे काही विश्वासणारे म्हणतात. परंतु शेजारी आज जगत आहे, आणि त्याच्यावर प्रीती करण्याची आज्ञाही आजचीच आहे. पाच हजारांना तृप्त करणाऱ्या प्रभूला भाकरीची वाण नव्हती. तरी त्याने उरलेले तुकडे गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. विपुलता ही नासाडीची परवानगी नव्हे.

प्रिय वाचकहो, या आठवड्यात घरात ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्यास आरंभ करा. मंडळीच्या प्रीतिभोजनानंतर पत्रावळी व उरलेले अन्न कोठे जाते, याची चौकशी करा.

मननासाठी प्रश्न:
1. माझ्या घरातून बाहेर पडणारी कोणती वस्तू दुसऱ्याच्या दारी ओझे होऊन पडते?
2. 'तुझा भाऊ कोठे आहे?' असे देवाने आज विचारल्यास माझे उत्तर काय असेल?