वर्गातील संगणकाचा आवाज व त्याचे निवारण

श्रुतलेखनाच्या वेळी शेवटच्या रांगेतील मुलगा 'साठ' या शब्दाऐवजी 'सात' लिहितो आणि शिक्षक त्या शब्दाखाली लाल रेघ ओढतात. चूक मुलाची, असे सहसा गृहीत धरले जाते. परंतु ज्या वर्गाच्या कोपऱ्यात संगणक सुरू असतो, त्या वर्गात अशी रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकांनी एकदा त्या मुलाच्या जागी जाऊन बसावे, वर्गनायकास फळ्याजवळून चार शब्द वाचावयास सांगावे आणि आपल्या कानी काय पडते ते पाहावे. त, ठ, स, श, फ, ख यांसारखी व्यंजने उच्चारताना स्वरांच्या मानाने फारच थोडी ध्वनिशक्ती बाहेर पडते. त्यांची ओळख पटविणारा भाग बहुतांशी वरच्या पट्टीत असतो, आणि पंख्यातून सुटणाऱ्या हवेचा सुस्काराही त्या पट्टीत पसरलेला असतो. परिणामी स्वर ऐकू येतो, व्यंजन बुडते. मोठा माणूस संदर्भावरून तुटलेला शब्द पुरा करून घेतो. पहिली-दुसरीच्या मुलाजवळ ती शिदोरी नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, अध्यापन चालू असताना वर्गातील पार्श्वध्वनी ३५ डेसिबेलहून अधिक नसावा. शिक्षकांचा आवाज या पार्श्वध्वनीपेक्षा निदान १५ डेसिबेलने वर राहिला, तरच मुलांस शब्द स्पष्ट कळतात. डेसिबेल ही मोजणी साध्या बेरजेची नव्हे, हे येथे ध्यानी घ्यावे. सारख्याच आवाजाचे दोन संगणक शेजारी लावले, तर एकूण आवाज दुप्पट अंकाचा होत नाही, तो सुमारे ३ डेसिबेलने वाढतो. दहा लावले तर १० डेसिबेलने वाढतो, आणि ही १० डेसिबेलची वाढ कानास साधारणपणे दुप्पट भासते. दुकानात एकटा चालवून पाहिलेला संगणक शांत वाटतो आणि संगणक-कक्षात दहा मांडल्यावर बोलणे कठीण होते, त्याचे कारण हेच होय.

संगणकाच्या पेटीत, म्हणजे ज्यास बाजारात कॅबिनेट म्हणतात तीत, जे हलते तेच मुख्यत्वे आवाज करते. हलणाऱ्या वस्तू दोनच : पंखे आणि हार्ड डिस्कची तबकडी. तिसरा आवाज पत्र्याचा. परंतु पत्रा स्वतः होऊन वाजत नाही, त्यास कोणीतरी वाजवावे लागते. या तिघांपैकी दोषी कोण हे ठरविल्यावाचून उपाय करू नये. त्यासाठी जाड कागदाची सुरळी करून तिचे एक टोक कानाशी व दुसरे कॅबिनेटच्या निरनिराळ्या भागांजवळ बाहेरूनच धरावे. ही युक्ती जुनी आणि प्रतिष्ठित आहे. १८१६ साली पॅरिस येथे रने लेनेक या वैद्याने रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकण्यासाठी कागदाची अशीच सुरळी वापरली, आणि तीतूनच पुढे स्टेथोस्कोप निर्माण झाला. सुरळीतून सतत 'स्स्' असे ऐकू आले तर ती हवा. खरखर ऐकू आली तर पंख्याचे झिजलेले बेअरिंग. खोल घरघर व अधूनमधून टकटक ऐकू आली तर हार्ड डिस्क. कॅबिनेटवर तळहात दाबताच आवाज कमी झाला तर पत्रा सैल आहे असे समजावे व त्याचे स्क्रू आवळावे. हे निदान सहावी-सातवीच्या मुलांकडून करवून घेण्याजोगे आहे.

आता पंखा हवाच कशाला, या प्रश्नाकडे वळावे. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. लेखन, वाचन व चित्रफिती दाखविणे एवढे काम करणाऱ्या संगणकाच्या कॅबिनेटमध्ये सुमारे ६० वॅट, म्हणजे सेकंदास ६० ज्यूल उष्णता निर्माण होते असे धरू. एक लिटर हवा एका अंशाने तापण्यास सुमारे १.२ ज्यूल लागतात. आत शिरलेली हवा १० अंशांनी तापून बाहेर पडावी अशी योजना केली, तर प्रत्येक लिटरबरोबर १२ ज्यूल बाहेर जातील. म्हणजे सेकंदास ५ लिटर हवा पुरेशी झाली. पंधरा लिटरच्या घागरीत मावेल एवढी हवा तीन सेकंदांत. हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखविल्यास मुलांस नवल वाटेल, आणि शिक्षकांसही वाटावे. कारण एवढ्याशा हवेसाठी वर्गभर घोंघावण्याचे काहीच प्रयोजन नाही.

प्रयोजन नसताना घोंघावणे का होते? पंखा लहान आहे म्हणून. घरातील छताचा पंखा सुमारे १,२०० मिलिमीटर व्यासाचा असतो व पूर्ण वेगातही मिनिटास साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो; टेबलावरचा छोटा पंखा मिनिटास हजारावर फेरे घेऊनही तेवढी हवा देत नाही आणि कानास मात्र त्रास देतो. संगणकातही हाच न्याय आहे. एकाच घाटाच्या पंख्यांत हवेचे प्रमाण वेगाच्या पटीत, परंतु व्यासाच्या घनाच्या पटीत वाढते. ८० मिलिमीटरचा पंखा ३,००० फेऱ्यांनी जेवढी मोकळी हवा देतो, तेवढीच हवा १२० मिलिमीटरचा पंखा सुमारे ९०० फेऱ्यांत देतो. आवाजाचा ठोकताळा असा की पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. मोठ्या व्यासामुळे त्यातील काही लाभ परत जातो. तरीही वरील अदलाबदलीत पदरात १४ डेसिबेलच्या आसपास पडतात. वर्गाच्या दृष्टीने ही कमाई थोडकी नव्हे.

मात्र मंद पंख्याचा जोरही मंद असतो. या उदाहरणातील मोठ्या पंख्याचा हवेवरील दाब लहान पंख्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाच भरतो. म्हणून त्याच्या वाटेत अडथळा चालत नाही. तारांचे भेंडोळे बाजूस बांधून ठेवावे, पुढची जाळी दाट असल्यास ती बदलावी, कॅबिनेटची मागील बाजू भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. हवा पुढून खालच्या अंगाने आत यावी व मागून वरच्या अंगाने बाहेर पडावी. पंखा चार तारांचा असल्यास त्याचा वेग तपमानानुसार कमी-अधिक करण्याची सोय बायोसमध्ये असते. चौथ्या तारेतून वेगाची आज्ञा सेकंदास २५,००० वेळा धडधडत जाते. मनुष्याचा कान २०,००० कंपनांच्या वर ऐकत नाही, म्हणून हा आकडा मुद्दाम त्यापुढचा निवडलेला आहे.

काही ठिकाणी शिक्षक आवाजास कंटाळून कॅबिनेटवर सतरंजी टाकतात, टेबलाच्या बंद कप्प्यात ते कोंडतात, किंवा पंख्याची तारच काढून ठेवतात. हेतू चांगला असला तरी हा मार्ग घातक आहे. या बाबतीत अमेरिकेतील ॲपल कंपनीची एक हकीकत बोधप्रद आहे. तिचा १९७७ सालचा ॲपल-२ हा संगणक पंख्यावाचून उत्तम चालत असे, कारण त्याची वीजच कमी व वीजपुरवठ्याची रचना नवीन होती. पुढे १९८० साली आलेल्या ॲपल-३ मध्येही शांततेच्या हौसेने पंखा वर्ज्य केला, इतकेच नव्हे तर हवेची छिद्रेही ठेवली नाहीत. तो संगणक तापू लागला, आतील चिपा जागा सोडू लागल्या, आणि यंत्र काही इंच उचलून टेबलावर आपटल्यास त्या पुन्हा बसतात, असा उपाय गिऱ्हाइकांस सांगण्याची पाळी आली. पहिल्याने उष्णता कमी करून शांतता मिळविली होती, दुसऱ्याने वाट बंद करून. आजचे प्रोसेसर अतिशय तापले की आपला वेग आपणच कमी करतात, आणि तरीही न भागल्यास संगणक बंद पडतो. विदर्भात मे महिन्यात खोलीचीच हवा ४२ अंशांवर असते, तेव्हा ही वेळ लवकर येते.

यास्तव मूळ उष्णताच कमी करणे हा पहिला उपाय. नवीन संगणक घ्यावयाचा असल्यास खेळांसाठी असणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड मुळीच घेऊ नये. शालेय कामास ६ ते १५ वॅटचे प्रोसेसर आज पुरतात; २०२३ साली आलेला इंटेलचा एन-१०० हा ६ वॅटचा असून पंख्यावाचून केवळ धातूच्या पंखाळ्या ठोकळ्यावर थंड राहणारे छोटे संगणक त्यावर बनतात. अधिक वॅटचा प्रोसेसर असल्यास त्यावरील धातूचा ठोकळा, म्हणजे हीट सिंक, तांब्याच्या नळ्यांचा व मोठ्या पृष्ठभागाचा घ्यावा. त्या नळ्यांत किंचित पाणी असते. ते तापल्या टोकास वाफ होते, गार टोकास पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील केशाकर्षणाने परत येते. जलचक्राचा पाठ शिकविताना याहून आटोपशीर उदाहरण मिळणे कठीण. बाजारात पाण्याचा पंप बसविलेली शीतनयंत्रेही मिळतात. ती शाळेसाठी घेऊ नयेत, पंप स्वतः गुणगुणतो आणि गळती झाल्यास दुरुस्त करणारा गावात नसतो.

जुना संगणक असल्यास खर्च करण्यापूर्वी तो स्वच्छ करावा. खडूची धूळ हीट सिंकच्या पत्र्यांत गच्च बसते, हवा आत शिरेनाशी होते, प्रोसेसर तापतो आणि तपमानावर चालणारा पंखा बिचारा जीव तोडून धावू लागतो. पुष्कळशा शाळांतील आवाजाचे मूळ इतके साधे असते. वीज बंद करून, तार भिंतीपासून काढून मगच कॅबिनेट उघडावे. मऊ ब्रशाने व हातपंपाने धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. वाऱ्याने ते अनावर फिरल्यास बेअरिंग बिघडते. हीट सिंक काढल्यास जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी पातळ लावावी. एसएमपीएस मात्र उघडू नये. त्यातील विद्युतसाठा तार काढल्यावरही काही काळ झटका देऊ शकतो. तो गोंगाट करीत असल्यास संपूर्ण बदलावा.

राहिली हार्ड डिस्क. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली अशी साठवण बाजारात आणली, तेव्हा तीत २४ इंचांच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर मावते, पण तबकडी फिरविण्याचे तत्त्व तेच आहे. मिनिटास ७,२०० फेरे म्हणजे सेकंदास १२० कंपने. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण याच पट्टीत असतो. डिस्क स्वतः फारशी बोलत नाही, ती कॅबिनेटच्या पत्र्यास बोलावयास लावते. सतारीची तार भोपळ्यावाचून कितीशी ऐकू येईल? हे मुलांस दाखविण्यासाठी कंप पावणारा मोबाइल फोन आधी पत्र्याच्या पेटीवर व मग घडी केलेल्या घोंगडीवर ठेवावा. त्याच न्यायाने डिस्क व पत्रा यांच्यामध्ये रबराच्या चकत्या घालाव्या, स्क्रू धातूस थेट भिडू देऊ नये. रबर उष्णताही अडविते, म्हणून डिस्कवरून थोडी हवा जात राहील असे पाहावे.

याहून सरळ मार्ग एसएसडीचा. तीत तबकडी नाही, सुई नाही. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी शोधलेल्या फ्लॅश स्मृतीच्या अब्जावधी सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून मजकूर साठविला जातो. हलणारे काही नसल्याने आवाजही नाही. जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्याच जोडणीवर एसएसडी बसते आणि संगणकही चटकन सुरू होतो. मर्यादित निधीत एकच वस्तू घ्यावयाची असेल, तर स्वच्छतेनंतर हीच घ्यावी. चित्रफितींचा मोठा संग्रह असल्यास जुनी हार्ड डिस्क बाहेरच्या डबीत घालून मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवावी व आवश्यक तेवढेच वर्गात उतरवून आणावे.

येथे एक सावधगिरी. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा टकटक करून सूचना देते. एसएसडी बहुधा काही न बोलता एकाएकी जाते, आणि तीतील मजकूर परत मिळविणे कठीण असते. शिवाय वीज न देता ती वर्षानुवर्षे उष्ण जागी पडून राहिल्यास कप्प्यांतील भार हळूहळू ओसरतो. उन्हाळी सुट्टीने तिचे काही बिघडत नाही, पण जुने दाखले एसएसडीत भरून कपाटात ठेवून देणे हा जतनाचा मार्ग नव्हे. पटनोंदणी, गुणपत्रके व शिष्यवृत्तीची यादी यांची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर दर महिन्यास घ्यावी, आणि ती प्रत उघडते की नाही हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.